लॅक्रोस रिक्रूटिंगचं सबस्क्रिप्शन: १७ महिने वापरल्यानंतर

खातं बंद केलं, तसा मेलही आला, आणि तरी जानेवारीत कार्डावरून पुन्हा ४९ डॉलर गेले. म्हणून हे लिहायला बसले. एरवी लेकीची ॲडमिशन झाली, सुटलो, म्हणून गप्प बसले असते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी लॅक्रोस (जाळीच्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळणारं पोर आहे त्यांना या सेवा माहीत असतात: कॉलेजचे कोच टीमसाठी मुलं निवडतात, म्हणजे रिक्रूटिंग करतात, त्यांच्या नजरेत पोर यावं म्हणून महिन्याला पैसे भरायचे. प्रोफाइल, व्हिडिओ, कोचेसची यादी, मेल पाठवायची सोय, सगळीकडे साधारण तेच. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक डिफेन्सला खेळते, क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये. अभ्यासात पक्की आहे. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळातली सगळ्यात वरची पातळी, तिच्या मनात कधीच नव्हतं. तिला छोटं कॉलेज हवं होतं, जिथे प्रोफेसर नावानं ओळखतील आणि चारही वर्षं खेळता येईल.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. "१ सप्टेंबर तोंडावर आलाय, आता प्रोफाइल नसेल तर मुलगी मागे पडेल." मी घाबरले आणि त्याच संध्याकाळी कार्ड नंबर दिला. नंतर कळलं ते आधी कळलं असतं तर घाई केली नसती. ज्युनिअर वर्षाच्या (अकरावीच्या) १ सप्टेंबरची अट डिव्हिजन वनची आहे: त्याआधी तिथल्या कोचने मुलीशी रिक्रूटिंगचं बोलायचं नाही. डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे लेकीला हव्या तशा छोट्या कॉलेजांच्या, कोचवर असं बंधन नाही, नववीतल्या मुलीच्या मेललाही ते उत्तर देऊ शकतात. म्हणजे ज्या तारखेची भीती घालून आम्हाला विकलं, ती तारीख आमच्या लेकीला लागूच नव्हती. डिव्हिजन थ्रीमध्ये मुलींच्या टीम डिव्हिजन वनच्या दुपटीहून जास्त आहेत, हे त्या फोनवर एकदाही निघालं नाही.

आता मुख्य तक्रार. ती एकाच गोष्टीची आहे आणि मी ती सोडणार नाही.

"एका कॉलेज कोचने तुमचं प्रोफाइल पाहिलं." हा मेल. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कोण कोच? कुठलं कॉलेज? ते दिसत नाही. नाव पाहायचं तर वरचा प्लॅन घ्या. लेक प्रॅक्टिसहून गाडीत बसली की घाम पुसायच्या आधी फोन काढायची. "आई, अजून एकीनं पाहिलं." मग घरी येईपर्यंत अंदाज: परवा टूर्नामेंटला कडेला उभी होती ती असेल का, हॅमिल्टनची असेल का, डिकिन्सनची असेल का. रात्री अकराला ती पुन्हा तेच उघडून बसलेली मी पाहिली आहे. सोळा वर्षांच्या पोरीला रोज असं टांगून ठेवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

ऑक्टोबरमध्ये राहवेना, तेव्हा एक महिना वरचा प्लॅन घेतला. ४० डॉलर जास्तीचे. अकरा नावं निघाली. त्यातली आठ कॉलेजं आमच्या यादीच्या जवळपासही नव्हती. दोन कॉलेजांना आम्ही स्वतःच मेल केला होता, त्यातली लिंक त्यांनी उघडली होती एवढंच. अकरावं नाव हवं त्या कॉलेजचं होतं, पण त्या कोचने पुढे काहीही कळवलं नाही. हिवाळ्यात एका कॅम्पसवर प्रॉस्पेक्ट डेला (कोचसमोर खेळून दाखवायच्या दिवसाला) गेलो, तेव्हा लेकीनं तिथल्या असिस्टंट कोचला सरळ विचारलं. ती म्हणाली, "मी त्या साइटवर फारशी जातच नाही. माझ्या इनबॉक्समध्ये मुलीनं स्वतः लिहिलेला मेल आणि आमच्याच वेबसाइटवरचा रिक्रूट फॉर्म, इतकं मी बघते." तो फॉर्म फुकट आहे. जवळपास प्रत्येक कॉलेजच्या लॅक्रोसच्या पानावर असतो. घरी आल्यावर लेकीनं एका शनिवारी १४ फॉर्म भरले. पैसे लागले नाहीत.

त्या वेळी हे लिहिलं असतं तर एक तारा दिला असता. पण उन्हाळ्यात मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं.

व्हिडिओ कापायची त्यांची सोय खरंच चांगली आहे. डिफेन्सच्या मुलीचं फिल्म बनवणं किती अवघड असतं ते अटॅकच्या आईवडिलांना कळणार नाही. गोल दिसतो. वेळेवर केलेली स्लाइड (सोबतिणीला चकवून आलेलीला अडवायला धावून जाणं), समोरचीला डाव्या हातावर ढकलत नेणं, क्लिअर करताना (चेंडू आपल्या गोलपासून पुढे नेताना) शांत डोक्यानं दिलेला पास, हे कोण दाखवणार? खेळ सुरू व्हायच्या आधी व्हिडिओ क्षणभर थांबवून मुलीभोवती वर्तुळ काढता येतं, तिथून मग नजर तिच्यावरच राहते. तीन मिनिटांचं फिल्म आम्ही दोन रात्रींत केलं. आणि नुसत्या तुकड्यांवर थांबू नका, पूर्ण मॅचचं न कापलेलं रेकॉर्डिंगही जोडा. ज्या दोन कोचेसनी मनापासून उत्तर दिलं त्या दोघींनी तेच मागितलं होतं. चेंडू पलीकडे असताना ही काय करते, हे त्यांना बघायचं होतं.

मात्र त्याच प्रोफाइलच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत गोल आणि असिस्ट. डिफेन्सच्या मुलीला तिथे शून्य आणि शून्य. ग्राउंड बॉल (जमिनीवरून मिळवलेला चेंडू) आणि कॉज्ड टर्नओव्हर (समोरचीला गमवायला लावलेला चेंडू) खाली, बारीक अक्षरांत, पान सरकवल्यावर दिसणार. बदलून द्या म्हणून तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा "कळवलं आहे" इतकंच उत्तर आलं.

पैशांबद्दल. सासूबाई सांगलीहून फोनवर दर वेळी विचारायच्या, "खेळावर फी माफ होते ना गं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते: डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. नियमच तसा आहे, मदत देताना खेळाचा विचार करायचा नाही. मिळतं ते मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. तरी ही सेवा विकणारा माणूस "गुंतवणूक" हा शब्द वापरतो. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्च किती पडेल ते सांगणारा) असतो. एका संध्याकाळी टॅक्सचे कागद घेऊन बसा, कुठलं कॉलेज परवडेल त्याचा अंदाज येतो. आमच्या यादीतली सहा नावं तिथेच गळली. हे काम पहिल्या महिन्यात करायला हवं होतं, आम्ही ते दहाव्या महिन्यात केलं.

छोटं कॉलेज म्हणजे खेळ हलका, असं समजणाऱ्यांनी मिडलबरी कॉलेजच्या मुलींची एक मॅच बघावी. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षी डिव्हिजन थ्रीचं अजिंक्यपद त्यांचं होतं.

लेकीचं काम शेवटी झालं ते असं. ज्युनिअर वर्ष संपल्यावर जुलैमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या कोचने ट्रान्सक्रिप्ट, टेस्टचे मार्क आणि सीनिअर वर्षाच्या (बारावीच्या) विषयांची यादी मागितली. याला प्री-रीड म्हणतात: ॲडमिशन ऑफिस कागद आधीच बघतं आणि मुलीनं अर्ज केला तर काय होईल याचा अंदाज कोचला देतं. ती हमी नसते, हे कोचनेही दोनदा बजावलं. आम्ही फायनान्शिअल एडचाही असाच आगाऊ अंदाज मागितला आणि त्यांनी दिला. विचारायला संकोच करू नका. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बांधील असतं, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, तेव्हा आकडा हातात असल्याशिवाय अर्ज करणं आमच्यासारख्यांना परवडत नाही. नोव्हेंबरमध्ये अर्ज गेला, डिसेंबरच्या मध्याला उत्तर आलं. ज्या मेलपासून ही ओळख सुरू झाली तो लेकीनं स्वतः लिहिला होता. पाच ओळी, त्या कोचच्या टीमची मॅच बघून तिला काय आवडलं ते. सेवेच्या तयार मसुद्यातून ६० मेल गेले होते. त्यांना आलेली उत्तरं जवळजवळ सगळी कॅम्पच्या जाहिराती होत्या.

हिशेब: १७ महिने, ८३३ डॉलर, वर ते ४०. त्यातलं फिल्मचं काम एका महिन्यात उरकलं असतं. पाचपैकी दोन तारे देते, दोन्ही वर्तुळ काढायच्या सोयीला.

घेणारच असाल तर एकच महिना घ्या, फिल्म करून डाउनलोड करा आणि बंद करा. बंद करायला बटण नाही, फोन करावा लागतो. मी ३५ मिनिटं होल्डवर होते. "हो, बंद झालं" या शब्दावर विसंबू नका, तारखेसकट मेल मागून घ्या. माझ्याकडे तो होता, म्हणून बँकेनं तक्रार नोंदवून घेतली आणि ते ४९ डॉलर मंगळवारी परत आले.