पॉम्पेईचे तिकीट: कुठून शिरावे, कुठे थांबावे

रोमन समाजात सत्ता आणि पैसा यांनी माणसांचे काय केले हे पाहायला बहुतेक प्रवासी रोमला जातात, कलोसियमसमोर उभे राहतात आणि सम्राटांच्या चैनीच्या गोष्टी ऐकून परततात. त्यासाठी नेपल्सजवळचे पॉम्पेई पुरातत्त्व उद्यान, म्हणजे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले रोमन शहर, कितीतरी सरस आहे. इथे सम्राट जवळजवळ नाहीतच. इथे आहेत नगरसभेची माणसे, पाववाले, दारूच्या दुकानांचे मालक, गुलामगिरीतून सुटून श्रीमंत झालेले लोक, आणि कशाला किती पैसे पडत ते भिंतीवर लिहिलेले. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होतात, मात्र वाट नीट आखलेली हवी.

आधी व्यवहाराचे बोलू. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असते आणि दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश मिळतो, म्हणून तिकीट आधी काढावे आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. २०२४ मध्ये साधे तिकीट १८ युरो होते. ताजा दर अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावा. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. नेपल्सहून सर्कमव्हेसुव्हियाना रेल्वेने ‘पॉम्पेई स्कावी’ला उतरले की पोर्ता मरीना हे दार समोरच येते, आणि गर्दीही तिथेच होते. थोडे चालायची तयारी असेल तर पूर्वेच्या पियात्सा अँफितेआत्रोच्या दारातून शिरावे आणि पश्चिमेकडे सरकत जावे. शहर ६६ हेक्टरांचे आहे, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग खणलेला आहे. किमान पाच तास हवेत. जाड तळव्याचे बूट घाला. रस्ते लाव्हाच्या मोठ्या दगडांचे, गाड्यांच्या चाकांनी चरे पडलेले आहेत. सावली फारच कमी, पिण्याच्या पाण्याचे नळ मात्र आहेत.

एक गोष्ट आत शिरण्याआधीच शिकून घ्यावी. दारांवरच्या पाट्यांवर तीन आकडे असतात: विभाग, घरांचा गट, दार. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात इथले खोदकाम पाहणाऱ्या फिओरेल्लीने लावली. नकाशावर हे तीन आकडे लिहून ठेवले तर वाटाड्याशिवाय काम भागते. स्थळावरचे माहितीफलक तोकडे आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये.

पहिला थांबा रंगमंडल (अँफिथिएटर), म्हणजे ग्लॅडिएटरांच्या झुंजींची जागा. इ.स.पू. ७० च्या सुमाराचे, सुमारे २०,००० माणसे बसतील एवढे, म्हणजे शहराच्या लोकसंख्येपेक्षाही मोठे. दोन अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या पैशाने बांधल्याचा शिलालेख आहे. सगळ्या शहराची गुरुकिल्ली इथेच मिळते. नगराच्या पदाला पगार नव्हता. उलट पद मिळाले की पदरचे पैसे घालून खेळ करायचे किंवा इमारत उभी करायची. त्यामुळे गरिबाला दार बंद, आणि मतदाराला खूश ठेवणे हाच कारभार. इ.स. ५९ मध्ये अशाच एका खेळात पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक शिव्यांवरून दगडांवर आणि दगडांवरून शस्त्रांवर आले. शहराला १० वर्षे असे खेळ भरवण्याची बंदी झाली, आयोजकाला हद्दपार केले. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे नोंदवले आहे, आणि त्या दंगलीचे भित्तिचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तिथून व्हिया देल्लाबोंदान्झा या हमरस्त्याला लागा. भिंतींवर निवडणुकीची आवाहने लाल अक्षरांत रंगवलेली आहेत. शहरभर अशी अडीच हजारांहून जास्त सापडली. एकमेकांत गुंतवलेली ओ, व्ही, एफ ही अक्षरे शोधा: ‘याला निवडून द्या अशी विनंती.’ युलियस पॉलिबियस ‘चांगला पाव देतो’ म्हणून त्याला मत मागितले आहे. वातिया नावाच्या उमेदवाराला ‘भुरटे चोर’, ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे’ आणि ‘झोपाळू’ यांचा पाठिंबा जाहीर केलेला आहे. तो विरोधकांचा डाव असावा किंवा मित्रांची थट्टा. रंग बराच उडाला आहे, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे.

इसिस या मूळच्या इजिप्ती देवीचे देऊळ लहान आहे, लोक पाच मिनिटांत उरकतात. तसे करू नका. दारावरचा लेख (इथे प्रत, मूळ नेपल्सला) सांगतो की भूकंपात पडलेले देऊळ पोपिडियस केल्सिनसने पायापासून नवे बांधून दिले, म्हणून नगरसभेने त्याला शुल्क न घेता सभासद करून घेतले. त्याचे वय सहा वर्षे. पैसा अर्थातच बापाचा. बाप मुक्त झालेला गुलाम होता. कितीही श्रीमंत झाला तरी कायद्याने त्याला स्वतःला पद घेता येत नव्हते, मुलाला येत होते. रोमन समाज वर चढायची शिडी कशी देत होता आणि तिची पहिली पायरी कोणाला नाकारत होता, हे एवढ्या कमी शब्दांत दुसरीकडे सापडणार नाही.

लुपानार, म्हणजे वेश्यागृह, इथे सर्वांत लांब रांग. खाली पाच कोंदट खोल्या, दगडी खाटा, दारांवर चित्रे. लोक चित्रे पाहतात, हसतात, बाहेर पडतात. रांग मोठी असेल तर खुशाल सोडा, कारण त्यामागचे वास्तव वेत्तींच्या घरात जास्त स्पष्ट दिसते.

वेत्तींचे घर (६.१५.१) हा या भेटीचा कळस. वीस वर्षे बंद राहून, दुरुस्तीनंतर ते जानेवारी २०२३ मध्ये खुले झाले. मालक दोन, वेत्तियस कोन्विव्हा आणि वेत्तियस रेस्टिट्यूटस, बहुधा दोघेही मुक्त गुलाम. दारातच प्रायापस देव आपले अवाढव्य लिंग तराजूत घालून पैशाच्या थैलीशी तोलतो आहे. पुढच्या चौकात दोन तिजोऱ्या, येणाऱ्याला दिसतील अशा. मग कारंज्यांची बाग आणि चित्रांनी भरलेल्या खोल्या. एका दालनात पंखवाली बाळे सोनारकाम, अत्तरकाम, दारूविक्री करताना रंगवली आहेत. जेथून पैसा आला त्या धंद्यांची लाज नाही, हे मला फार बोलके वाटते. बागेवर सगळे रेंगाळतात. तुम्ही स्वयंपाकघराकडे वळा. चुलीच्या शेजारी एक अरुंद खोली आहे, भिंतींवर लुपानारसारखीच चित्रे. आणि घराच्या मुख्य दाराजवळ खरडलेले सापडले आहे: युटिकिस, ग्रीक, चांगल्या वागणुकीची, दोन अ‍ॅस. अ‍ॅस हे हलक्या किमतीचे रोमन नाणे. याच शहरातल्या एका दारूच्या दुकानातला दर लिहिलेला आहे: एका अ‍ॅसला साधी दारू, चारला फालेर्नो ही उंची दारू. म्हणजे फालेर्नोच्या निम्म्या दरात एक बाई. जे मालक स्वतः विकले-विकत घेतले गेले असण्याची दाट शक्यता, त्यांच्याच घराच्या दारात हा भाव लिहिलेला होता. ‘रोमनांचा नैतिक ऱ्हास’ म्हणून मेजवान्यांची वर्णने सांगितली जातात. माझ्या मते त्याहून जड पुरावा या चार शब्दांचा आहे.

त्याच धाग्यातली पाव भाजण्याची जागा २०२३ मध्ये नवव्या विभागात उजेडात आली: बाहेर जायला दार नाही, उंचावर लहान खिडक्या, त्यांना लोखंडी गज, आत गुलाम आणि गाढवे कोंडलेली. तिथे खोदकाम चालू असल्याने प्रवेश गृहीत धरू नका. जात्यांचे दगड पाहायचे तर जुन्या भट्ट्या खुल्या असतात. घरे आळीपाळीने बंद ठेवतात, म्हणून आदल्या रात्री उघड्या घरांची यादी पाहावी.

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा. मंगळवारी ते बंद असते. मराठी माणसाने तिथे एक मूर्ती चुकवू नये: १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात (१.८.५) सापडलेली, सुमारे २४ सेंटिमीटरची हस्तिदंती बाई, दोन बाजूंना दासी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ असले तरी ती यक्षी असावी. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला सापडल्या आहेत, त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने केली होती, आणि तो व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात, इ.स. ७९ मध्ये, स्टाबिआच्या किनाऱ्यावर मेला. मूर्ती ‘गुप्त दालनात’ कामुक वस्तूंबरोबर ठेवलेली असते. ते दालन त्या दिवशी उघडे आहे का, हे तिकीट खिडकीवरच विचारा.