बिडाचं अप्पेपात्र आणि कोहळ्याची बोंडं

कोहळ्याची बोंडं कढईभर तेलाशिवाय जमतात का, एवढ्या एका प्रश्नापायी मी बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, अप्पेपात्र घेतलं. उत्तर आधीच सांगते: जमतात, आणि फार सुरेख जमतात. मुगाच्या वड्यांना मात्र त्यात तळलेल्या वड्याची सर येत नाही. पैसे घालण्याआधी या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नागपुरात प्रतापनगरला माझ्या घरी संध्याकाळी सहावी-सातवीची मुलं शिकवणीला येतात. शाळा सुटली की दप्तर टाकून सरळ माझ्याकडे. भुकेल्या पोटी अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत, त्यामुळे वह्या उघडण्याआधी प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पडतंच. बिस्किटांचे पुडे मला ठेवायचे नाहीत आणि रोज तळण काढणं परवडत नाही. एकदा तळलं की उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच.

पात्र इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून आणलं. त्यावर कंपनीचं नाव नाही, डबा नाही, नुसतं ओतीव बीड. सात खळ्या, दोन बाजूंना दोन कान, वजन दोन किलोच्या आसपास, किंमत साडेसातशे रुपये. दुकानात ते पालथं-सुलथं करून उजेडाला धरून बघा. बीड ओतताना हवा अडकली तर खळीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, आणि पीठ नेमकं तिथेच धरून बसतं. बोट फिरवलं की लगेच कळतं. मग चमच्यानं टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, ते पात्र बाजूला ठेवा.

बारा खळ्यांचं घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, एका घाण्यात काम उरकेल म्हणून. घेऊ नका. बीड तापलं की ताप धरून ठेवतं, पण तो चहूकडे पसरवायला वेळ लावतं. घरच्या शेगडीची ज्योत मधोमध लागते, कडेच्या खळ्यांपर्यंत तिचा ताप नीट पोचत नाही. मधले अप्पे करपायला येतात तरी कडेचे पांढरेच. सातच्या पात्रात मधे एक आणि भोवती सहा, तिथेही मधली खळी पुढेच पळते, पण फरक सांभाळता येतो. पीठ आधी बाहेरच्या सहांत घालायचं, मधल्या खळीत सर्वांत शेवटी, आणि काढताना मधलं सर्वांत आधी. मधे एकदा पात्र अर्धं फिरवलं की सातही एका रंगावर येतात.

आता बोंडं. आपल्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा, हे पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगून ठेवते. तिकडे कोहळं म्हटलं की पांढरं, पेठ्याचं समजतात. एक वाटी किसलेलं कोहळं चमचाभर तुपावर परतायचं. त्याचं पाणी आटलं की पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून विरघळेपर्यंत ढवळायचं आणि उतरवून पूर्ण गार होऊ द्यायचं. मग चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे बारीक रवा आणि मावेल तेवढी कणीक. गरम मिश्रणात कणीक घातली तर ती चिकट होते आणि बोंडं आतून गिचका लागतात. पीठ चमच्यातून हळूच, गोळ्यानं पडलं पाहिजे, वाहता कामा नये. सोडा मी घालत नाही, कोहळ्याच्या ओलाव्यानंच ती मऊ होतात. संत्र्याच्या दिवसांत सालीचा वरचा केशरी भाग किसून त्यात टाकते. केशरी संपून पांढरं दिसायला लागलं की किसणी थांबवायची, पांढऱ्यात कडूपणा असतो.

पात्र मंद आचेवर आधी चांगलं तापवून घ्यायचं. खळीत पाव चमचा तूप सोडलं की ते कडेला चढून मधे परत येतं, त्यावर पीठ. झाकण ठेवायचं. पहिला वास तुपाचा येतो, मग भाजल्या कणकेचा, आणि त्यात गुळाचा खरपूस वास मिसळला की उलटायची वेळ झाली. गूळ फार लवकर काळा पडतो, त्यामुळे इथे आच वाढवण्याची घाई कुणी करू नये. मी लाकडी काडी खळीच्या कडेनं खाली सरकवते आणि बोंड एका बाजूनं ढकलते. भाजलं असेल तर ते आपणहून गर्रकन फिरतं, खालची बाजू वर येते, तांबूस आणि तुपानं चकाकणारी. अडलं तर ओढायचं नाही, अर्धा मिनिट थांबायचं. कच्चं असतं तेव्हाच ते धरून बसतं. कढईतल्या बोंडापेक्षा हे बोंड थोडं कमी कुरकुरीत होतं, पण कोहळ्याची चव जास्त लागते आणि बोटं तेलकट होत नाहीत, वह्यांवर डाग पडत नाहीत. माझ्या दृष्टीनं हे कढईपेक्षा सरस आहे, आणि पोळ्यालाही मी आता अशीच करते.

मुगाच्या वड्याची गोष्ट निराळी. डाळ तीन-चार तास भिजवली, भरड वाटली, आलं, हिरवी मिरची, भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला. वडे छान फुगले, मुलांनी आवडीनं खाल्ले. पण नागपुरात वाढलेल्या माणसाला मुगाचा वडा म्हणजे काय हे ठाऊक असतं: बाहेरची ती वेडीवाकडी, कडकडीत कड आणि सोबत तळलेली मिरची. गोल गुळगुळीत खळीत तशी कड येणार कुठून? नवा पदार्थ म्हणून खा, चांगला आहे. वड्याची तलफ आली असेल तर कढईच चढवा.

रव्याचे अप्पे, साबुदाण्याच्या वड्याचं मिश्रण, आदल्या दिवशीचं इडलीचं पीठ, हे सगळं यात निघतं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आंबट गोष्टी मात्र जपून. ताकात भिजवलेलं किंवा टोमॅटो घातलेलं पीठ पात्रात भाजायला हरकत नाही, पण झालेले अप्पे त्यातच झाकून ठेवले तर खालून काळपट होतात, लोखंडाची चव उतरते आणि तेलाचा बसलेला थरही जातो.

हा थर बसवणं, ज्याला सगळे सीझनिंग म्हणतात, हेच या पात्राचं खरं काम आहे. त्याला कच्च्या घाणीचं जवसाचं तेल उत्तम, आणि ते आपल्या विदर्भात शोधत फिरावं लागत नाही. जवसाचं तेल वाळून कडक होतं, म्हणूनच ते रंगकामातही वापरतात. रंगाच्या दुकानातलं मात्र आणू नका, खायच्या घाणीचंच आणा. पात्र धुऊन, तापवून कोरडं करायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं. पुसलेलं दिसलं तरी लागतो तेवढा थर राहतो. जाड थर चिकट होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. मग खिडकी उघडून धूर निघेपर्यंत तापवायचं, गार करायचं, पुन्हा तेच. खळ्या करड्याच्या काळ्या होत जातात आणि मग तुपाचा थेंबही पुरतो.

धुताना भिजत घालायचं नाही. गरम पाणी, काथ्या, लगेच पुसून शेगडीवर दोन मिनिटं, वरून तेलाचा हात. उन्हाळ्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की एखाद दिवस आळस केला तरी चालतो, पण जून लागला की रात्रीतून गंज धरतो.

सोबत प्यायला हिवाळ्यात मी संत्र्याचा रस देते. शेवटचा घाणा चढला की मगच काढते, कारण आपल्या नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो. त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं, आणि बिया-साली चिरडल्या गेल्या की आणखी. मिक्सरमध्ये फिरवू नका, फोडी सोलून हातानं पिळा. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं किंवा जिऱ्याचं ताक.

इंडक्शन असेल तर हे पात्र घेऊ नका. बीड चुंबकाला धरतं हे खरं, पण खालून खळ्यांचे उंचवटे असल्यानं पात्र काचेवर सपाट टेकत नाही, ताप नीट लागत नाही आणि काचेवर चरे पडतात ते वेगळेच. मनगट दुखत असलेल्यांनीही विचार करावा, कारण भरलेलं, तापलेलं पात्र दोन्ही हातांनी जाड कापड धरूनच उचलावं लागतं. झाकण सोबत येत नाही. दुकानातच एखादं घुमटाकार स्टीलचं झाकण वरून ठेवून बघा. सपाट ताट ठेवलं तर फुगलेली बोंडं त्याला चिकटतात.