काळ्या गाडीवर १८,५०० रुपयांचं ‘सिरॅमिक’, निघालं सिलिकॉनचं पॉलिश

सिरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे रंगावर बसणाऱ्या कडक, टिकाऊ संरक्षक थराच्या नावाखाली माझ्याकडून १८,५०० रुपये उकळले आणि काळ्या गाडीवर फासलं काय, तर सिलिकॉनचं चमकवायचं पॉलिश. पहिल्या पावसात ते उतरलं. खाली उरलं ते बफिंग मशीनने करपवलेलं बॉनेट.

हिशेब आधी सांगतो. बोललेला भाव २२,०००. अखाजीची (अक्षय्य तृतीयेची) ऑफर म्हणून १८,५००. त्यातले ५,००० यूपीआयने ॲडव्हान्स, १३,५०० रोख. दुकानदार म्हणाला, “भाऊ, पक्कं बिल घेतलं तर वर अठरा टक्के लागतील. वॉरंटी कार्ड देतोय ना मी!” पाच वर्षांची वॉरंटी, छापील कार्ड, त्यावर गोल शिक्का. कार्डावर ना बाटलीचा बॅच नंबर, ना दुकानाचा जीएसटी नंबर. ते ३,३३० रुपये वाचवल्याची किंमत आज मोजतोय. पक्कं बिल घ्याच, दुकानदार कितीही गोड बोलो.

‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी खान्देशात काळी गाडी सांभाळून दाखवावी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. बोअरचं पाणी इतकं जड की धुतलेली गाडी उन्हात वाळली की क्षारांची पांढरी वर्तुळं रंगावर भाजून बसतात. धूळ कोरड्या फडक्याने झटकली की जाळीसारखे बारीक ओरखडे उमटतात. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्यावर उन्हात एकूण एक दिसतात. मला त्यावर उपाय हवा होता. दुकानदाराने माझ्यासमोर एका सुट्या पत्र्यावर लायटर पेटवून धरला, मार्करने रेघ ओढून पुसून दाखवली, ‘नाइन एच’ म्हणजे दगडासारखा कडकपणा असं सांगितलं. तो आकडा पेन्सिलीच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचा असतो, दगडाशी त्याचा संबंध नाही. हे मला नंतर कळलं. तिथे उभ्या असलेल्या कुणालाही कळलं नसतं.

पण एक क्षण आहे, तो अजून डोक्यातून जात नाही. गाडी संध्याकाळी सोडली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मेसेज आला, “भाऊ, गाडी रेडी.” काळ्या गाडीचं काम नीट करायचं तर धुणं, रंगात रुतलेले लोखंडी कण काढणं, क्ले (चिकट मातीसारखी वडी) फिरवणं, कंपाउंडने ओरखडे घासून काढणं, पॉलिश, मग अल्कोहोलने पुसून सगळा तेलकटपणा घालवणं आणि तेव्हा कुठे कोटिंग. नुसते ओरखडे काढण्यातच दिवस जातो. वर कोटिंग बसायला निदान एक रात्र बंद, बिनधुळीच्या जागेत गाडी उभी राहावी लागते. हा करत होता महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये. मी बॉनेटवर हात फिरवला तर बोटं बुळबुळीत झाली. वास गोडसर. मी विचारलंही. तो म्हणाला, “नवीन आहे ना भाऊ, दोन दिवसांत सेट होईल.” लगेच पाणी शिंपडून मोत्यासारखे थेंब दाखवले. थेंब तर साध्या मेणावरही तसेच धरतात! तिथेच चावी टेबलावर ठेवून पैसे थांबवायचे होते. घरी अखाजीला बहिणी यायच्या होत्या, गाडी लागणार होती, आणि माणूस समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

पावसानंतर बॉनेटवर धुरकट पट्टे पाहून आईने विचारलं, “काय व्हयनं गाडीले?” दुसऱ्या एका कारागिराने अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणाने एक कोपरा पुसला आणि सगळे जुने ओरखडे जागच्या जागी दिसले. भेगा पडलेल्या भिंतीवर चुन्याचा हात मारावा, तसं ते पॉलिश ओरखड्यांत भरलेलं होतं. त्याने रंगाची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर लावलं. छतावर ११८, बॉनेटच्या कडेला ८१. वरचा पारदर्शक थर मुळात साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. तो एकदा घासून गेला की कुठलंही पॉलिश परत आणत नाही. बॉनेट रंगवायचा खर्च ७,५०० सांगितला. म्हणजे मला बसलेला फटका २६,०००.

कोटिंगची बाटली तुमच्यासमोर सीलबंद उघडायला लावा. ती लहानशी, ३० किंवा ५० मिलीची असते.

मग दारं वाजवणं सुरू झालं. पोलीस ठाण्यात अर्ज वाचलाही नाही. “हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.” फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३१८, मी नाव घेऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, “गाडी तर चालतेय ना तुमची?” पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात. पुन्हा गेलो तर तो अर्जच सापडेना! एका तक्रार हेल्पलाइनने दुकानाला कळवलं, दुकानाने उत्तर दिलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून माझीच तक्रार बंद केली. चोराने बोलायला नकार दिला तर फिर्यादीला घरी पाठवायचं, हा कुठला न्याय? प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, “बिल कुठंय?” बिल न देणारा दुकानदार करही बुडवतोय, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

गाडी देण्याआधी उन्हात प्रत्येक पॅनेलचा व्हिडिओ काढा. रोख देऊ नका. माझ्याकडे पुरावा म्हणून ५,०००चा यूपीआय व्यवहार, ‘गाडी रेडी’चा मेसेज आणि वॉरंटी कार्डाचा फोटो आहे. बोलणी व्हॉट्सॲपवर केली ती कामाला आली.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. २०१९च्या कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. महामार्गावरच्या पत्र्याच्या शेडमधलं, गोल शिक्क्याचं, बॅच नंबर नसलेलं पाच वर्षांचं कार्ड तुमच्याकडेही असेल तर ते फेकू नका. पैसे दिल्याचा पुरावा शोधून ठेवा आणि मला कळवा. अर्ज तयार आहे, तुमचंही नाव त्यात घालू.