उभा निवडुंग घरात: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

सेरियस जातीचा, खांबासारखा सरळ वाढणारा निवडुंग घरात आणला त्याला आता वर्ष होत आलं. ऊन, थंडी, दमट हवा, सगळं त्याने पाहून झालं, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

निवडुंग म्हटलं की सगळे आधी पाण्याचं विचारतात. घरातल्या निवडुंगाचं खरं दुखणं मात्र उजेडाचं असतं. उजेड अपुरा पडला की शेंडा बारीक आणि फिकट होऊन भराभर वर जातो, आणि पाहणाऱ्याला वाटतं झाड छान वाढतंय. हा बारीक झालेला भाग पुढे कितीही ऊन मिळालं तरी खालच्या खांबाइतका भरत नाही. नंतर चांगल्या उजेडात वर पुन्हा जाड वाढ झाली, तर तिचा सगळा भार त्या किडकिडीत मानेवर येतो. रोज चार-पाच तास थेट ऊन येणारी खिडकी नसेल तर हे झाड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं झाड अशाच खिडकीत आहे आणि नवी वाढ जुन्याइतकीच जाड आहे. मात्र सावलीतलं झाड एकदम कडक उन्हात ठेवू नका. साल भाजून पांढुरके डाग पडतात, ते कायम राहतात. कुंडी फिरवायची तीही थोडी थोडी.

पाण्याचं कळायला झाडाचे कंगोरे पाहायचे. पाणी मिळालं की ते फुगतात, साठा संपत आला की आत ओढले जातात आणि खाचा खोल दिसतात. मला या झाडातलं हेच सगळ्यात आवडतं. ते आपली रंध्रं, म्हणजे सालीवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतं, तेव्हाच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. दिवसा रंध्रं मिटलेली, त्यामुळे पाणी फारसं उडत नाही. म्हणून माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय मी पाणी देत नाही. देते तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत. थंडीत जवळजवळ बंदच.

कुंडी मातीची आणि जड हवी, नाहीतर उंच खांब कलंडतो. मिश्रणात निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि बारीक खडी, बाकी कंपोस्ट.

बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी साल दिसली म्हणून घाबरू नका. दाबून पाहा. टणक असेल तर ते वय आहे. मऊ, ओलसर लागलं तर कूज आहे. मग निरोगी, स्वच्छ गर लागेल तिथपर्यंत वर कापायचं, काप पूर्ण सुकून खपली धरू द्यायची आणि मग कोरड्या मिश्रणात लावायचं. काट्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण समजा. मी कापसाच्या काडीने स्पिरिट लावते.

घेताना एक तपासा: अशा उभ्या, खांबासारख्या झाडाचा चीक दुधासारखा असेल तर ते सेरियस नसून बहुधा युफोर्बिया, म्हणजे निवडुंगासारखं दिसणारं वेगळ्या कुळातलं झाड आहे. तो चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर हा फरक महत्त्वाचा.

फुलं अजून नाहीत. सेरियसचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मिटतं, पण त्यासाठी झाड पुरतं वाढलेलं लागतं. सध्या मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर डोकावू लागलीत, म्हणून गरम दिवस सुरू होताना एक माप मोठी कुंडी देणार आहे. वर्तमानपत्राची जाड पट्टी खांबाभोवती गुंडाळून उचलायचं, आणि नंतर आठवडाभर पाणी नाही, म्हणजे तुटलेली मुळं सुकून बरी होतात.