लाल दिव्याच्या काठावर : आनी डिफ्रँकोचा ‘लिव्हिंग इन क्लिप’

कार्यक्रमाच्या ठिकाणी ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस ज्या मिक्सरसमोर बसतो, त्यावर प्रत्येक माइकसाठी एक छोटा लाल दिवा असतो. आवाज यंत्राच्या कुवतीबाहेर गेला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि तो दिवा लागतो. तंत्रज्ञांच्या बोलीत याला ‘क्लिप’ म्हणतात, आणि हा दिवा लागू न देणे हा त्यांच्या कामाचा पहिला नियम असतो. अमेरिकी गायिका-गीतकार आनी डिफ्रँको हिने १९९७ साली आपल्या जाहीर कार्यक्रमांतील ध्वनिमुद्रणांचा दोन सीडींचा अल्बम काढला, तेव्हा त्याला ‘लिव्हिंग इन क्लिप’ हे नाव दिले. त्या लाल दिव्यातच वस्तीला असल्याची ही कबुली आहे. आणि सुमारे दोन तासांचा, ३१ तुकड्यांचा हा ऐवज ऐकून झाल्यावर हे नाव केवळ चमकदार म्हणून ठेवलेले नाही, याची खात्री पटते.

आनीचा जन्म १९७० साली न्यूयॉर्क राज्यातील बफलो या शहरात झाला. नऊ वर्षांची असल्यापासून ती गावातल्या बारमध्ये गिटार घेऊन गात असे. १९९० साली तिने स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली, तिच्या ५०० प्रती करून घेतल्या आणि कार्यक्रम संपल्यावर त्या स्वतःच विकल्या. त्यातूनच ‘राइटियस बेब’ ही तिची स्वतःची कंपनी उभी राहिली. पुढे मोठ्या कंपन्यांची बोलावणी आली, ती तिने नाकारली, आणि छपाईपासून बाकीची कामेही शक्यतो बफलोतल्याच व्यावसायिकांना दिली. १९९० ते १९९६ या सात वर्षांत तिचे आठ अल्बम निघाले. हा वेग पाहिला म्हणजे दोन गोष्टी लक्षात येतात : तिच्याकडे गाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता, आणि प्रत्येक गाणे स्टुडिओत घोटत बसायला तिच्यापाशी वेळही नव्हता आणि बहुधा संयमही नव्हता.

तिच्या संगीताला ‘फोक’ म्हणतात. मराठी वाचकाने मात्र हा शब्द ऐकून ओवी, भारूड किंवा गोंधळ डोळ्यांसमोर आणू नये. जिचा कर्ता हरवला आहे आणि जी गावाने जतन केली आहे, अशी ही परंपरा नाही. हातात साधे गिटार, शब्द स्वतःचे, चाल स्वतःची आणि विषय समोरच्या जगाचा, असा अमेरिकेतील ‘फोक’चा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला अर्थ येथे घ्यायचा आहे. आपल्याकडील जवळचे नाते शोधायचे तर ते शाहिराशी लागेल. अमर शेख किंवा अण्णा भाऊ साठे यांच्यासारखा शाहीर स्वतःचे कवन घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याचे डफावरचे बोट आणि त्याचा शब्द वेगळे काढता येत नाहीत, आणि मागचे झीलकरी नुसती साथ करीत नाहीत तर कवन पुढे ढकलतात. ‘लिव्हिंग इन क्लिप’ ऐकताना मला हे पुन्हा पुन्हा आठवले, कारण या अल्बमचा खरा विषय गायिका आणि तिचे झीलकरी हाच आहे.

आधी तिच्या गिटारविषयी सांगायला हवे, कारण सगळे तेथूनच निघते. सतारवादक बोटावर नखी चढवतो, तशी आनी बोटांवर कृत्रिम नखे लावते आणि ती निघू नयेत म्हणून त्यांवर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळते. एवढा बंदोबस्त का लागतो, हे ऐकताच कळते. ती तार छेडत नाही. ती तारेला टपली मारते, खेचून सोडते, तळहाताने मध्येच दाबून तिचा आवाज गिळून टाकते. तारा नेहमीच्या पद्धतीने न लावता गाण्यागणिक वेगळ्या लावायच्या, ही तिची आणखी एक सवय. त्यामुळे खर्जातली तार कधी कधी इतकी सैल असते की ती झणत्कारण्याऐवजी घरघरते. अशा हातात गिटार हे निम्मे तालवाद्य होऊन बसते. आणि गिटारच तालवाद्य झाल्यावर ढोलवाल्याने काय करायचे, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर अँडी स्टोचान्स्की या कॅनेडियन ड्रमवादकाने दिले आहे, आणि माझ्या मते या अल्बममधील सर्वांत मोलाची कामगिरी तीच आहे. तो ठेका धरून बसत नाही. आनीच्या उजव्या हाताने सोडलेल्या फटींत तो बोलतो, ती धावली की मागे राहतो, ती थबकली की एखादीच टिचकी मारून पुढचे दार किलकिले करतो. बासवर, म्हणजे खर्जातल्या गिटारवर, सारा ली आहे. ब्रिटनच्या ‘गँग ऑफ फोर’ आणि अमेरिकेच्या ‘बी-फिफ्टी टूज’ या बँडबरोबर वाजवून आलेली ही वादक नृत्याच्या लयीत मुरलेली आहे, आणि तिच्या येण्याने या वाद्यमेळाला जमीन मिळते. तीनच माणसे, पण काही ठिकाणी रंगमंचावर सहा-सात जण असावेत असा भास होतो.

याची तुलना आधीच्या स्टुडिओतल्या अल्बमांशी करून पाहावी. त्यांपैकी काहींत आनीने बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवून एकावर एक रचली होती. त्यात कारागिरी आहे, पण एकटेपणाही आहे. स्वतःशीच पत्ते खेळणाऱ्या माणसाप्रमाणे पुढची उतारी कोणती, हे तिला आधीच ठाऊक असते. पहिल्या दोन अल्बममधील गाणी समाधानकारक वाटेनात म्हणून तिने १९९३ साली ‘लाइक आय सेड’मध्ये ती नव्याने मुद्रित केली होती, पण तो प्रयत्नही स्टुडिओतलाच होता. ‘लिव्हिंग इन क्लिप’ने दाखवून दिले ते हे, की उणीव गाण्यांत नव्हती आणि ध्वनिमुद्रणातही नव्हती, समोर माणसे आणि शेजारी साथीदार असल्याशिवाय ही गाणी पूर्णच होत नव्हती. म्हणून मला हा अल्बम गाजलेल्या गाण्यांची मैफलीतली पुनरावृत्ती वाटत नाही. त्यातील कित्येक गाण्यांची ही पहिली पुरी आवृत्ती आहे.

‘ग्रॅव्हल’ घ्या. अंगणातल्या खडीवर मोटारसायकलची चाके वाजतात, इंजिन बंद होते, आणि ज्याला सोडून जायचे हे ठरवून झाले आहे तोच माणूस दारात येतो. ठरवलेले सगळे पुन्हा विस्कटते. एवढाच प्रसंग. पण गिटारची चाल अशी बेफाम दौडते, की निर्णय घेण्याआधीच ती बाई मोटारसायकलवर बसलेली असते. हे गाणे येथे प्रथम आले आणि त्याची स्टुडिओतील आवृत्ती पुढच्या वर्षी ‘लिटल प्लॅस्टिक कॅसल’मध्ये निघाली. ती नेटकी आहे, स्वच्छ आहे, आणि मी ती क्वचितच ऐकतो. येथे शेवटाकडे तिघांचीही लय किंचित चढते. ती चढू नये असे शास्त्र सांगते, पण तेथे हिशेबाने बांधलेली लय राहिली असती तर त्या प्रसंगातला जीवच गेला असता.

‘शाय’ हे दुसरे ठळक उदाहरण. उकाड्याने रस्त्याचे पाणी आणि पाण्याचे आकाश होते, अशी त्यातील प्रतिमा सुरुवातीलाच घामाची जाणीव देते, आणि आनीचा आवाज कुजबुजीपासून ओरडण्यापर्यंतचे अंतर एका ओळीत कापतो. या गाण्याला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले, ते फोकच्या नव्हे तर स्त्री-गायिकांच्या रॉक गायनाच्या विभागात. आयोजकांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. साधे गिटार हातात असलेली व्यक्ती फोकच गाते, हा समज या अल्बमने अनेकांच्या डोक्यातून काढून टाकला असेल.

सगळेच असे चढ्या आवाजातले नाही. दुसरी सीडी ‘अनटचेबल फेस’ने सुरू होते. या गाण्याच्या ध्रुपदात एक उघड शिवी आहे, आणि ती इतक्या हळुवारपणे, जवळजवळ अंगाईच्या सुरात म्हटली आहे, की ऐकणाऱ्याला आधी वेदना कळते आणि शब्द नंतर. घरात मोठ्याने लावण्यापूर्वी हे ध्यानात असावे, एवढे सांगून ठेवतो. पण ते गाळून पुढे जाऊ नये. ज्याच्यावर रागावण्याचा आपल्याला हक्कही नाही अशा माणसावरचा राग, ही सांगायला अवघड गोष्ट तिने एका शिवीत आणि तीन-चार सुरांत बसवली आहे. श्रोते तीच ओळ तिच्याबरोबर म्हणतात, तेव्हा या खासगी दुःखाचे समूहगान होते आणि त्याला थोडी विनोदाची छटा येते. तिला हे कळते आहे, हे तिच्या गळ्यातल्या हसूवरून ऐकू येते.

‘बोथ हँड्स’ हे गाणे तिच्या पहिल्या, ५०० प्रतींच्या कॅसेटवरचे. तुटत चाललेल्या नात्याची नोंद करणारे हे गाणे ती येथे बफलो फिलहार्मोनिक या आपल्याच गावच्या वाद्यवृंदासह गाते. बारमध्ये गाणाऱ्या मुलीच्या मागे गावाचा वाद्यवृंद उभा राहावा, यात जो आनंद आहे तो ध्वनिमुद्रणात उतरला आहे. तरीही माझे मत विभागलेले आहे. व्हायोलिनांचा मोठा ओघ आला की गाणे भव्य होते खरे, पण आनीची खोड अशी, की ती ओळीच्या मध्ये अर्धी मात्रा खाते किंवा अडवून धरते, आणि एवढ्या मोठ्या ताफ्याला ही लबाडी परवडत नाही. गाणे सरळ चालायला लागते. स्टोचान्स्की आणि ली यांना जे एका नजरेत जमते, ते त्या ताफ्याला लिहून द्यावे लागते.

अल्बमच्या उणिवाही कमी नाहीत. ३१ तुकड्यांपैकी काही नुसत्या गप्पा आहेत : प्रवासातल्या गमती, श्रोत्यांशी चाललेली थट्टा, दोन गाण्यांमधले बरळणे. पहिल्यांदा ऐकताना त्यांनी माणूस जवळ येतो. चौथ्या वेळी मात्र हात आपोआप पुढच्या गाण्याकडे जातो. ध्वनिमुद्रणे वेगवेगळ्या ठिकाणची असल्यामुळे सभागृहाचा घुमारा आणि टाळ्यांचा आवाज गाण्यागणिक बदलतो, आणि एका संध्याकाळचा सलग प्रवास ऐकतो आहोत हा भ्रम टिकत नाही. दुसरी सीडी उत्तरार्धात सैल पडते. तेथली तीन-चार गाणी वगळली असती तर अल्बम अधिक घट्ट झाला असता, असे मला पूर्वी वाटे आणि अजूनही थोडे वाटते. शिवाय ‘टिपटो’ आणि ‘नॉट सो सॉफ्ट’ यांसारखे तुकडे म्हणजे वाचलेल्या कविताच असल्याने, ज्याला वेगवान अमेरिकी उच्चारांची सवय नाही त्याने शब्द समोर घेऊनच ते ऐकावेत. नाहीतर हाती फक्त लय लागते. तीही वाईट नाही, पण तो अर्धाच माल आहे.

या अल्बमला अमेरिकेत मोठ्या विक्रीबद्दल दिले जाणारे गोल्ड प्रमाणपत्र मिळाले, आणि त्याच सुमारास तिच्या उत्पन्नाची गणिते छापून येऊ लागली : मोठ्या कंपनीच्या गायकाला एका प्रतीमागे काय मिळते आणि मध्ये कोणी नसलेल्या आनीला काय मिळते. स्त्रीवादी नियतकालिक ‘मिस’ने तिच्या गौरवातही हाच मुद्दा घेतला, तेव्हा तिने त्यांना खुले पत्र लिहून तक्रार केली, की माझी ओळख यशस्वी व्यावसायिक अशी करू नका, गाणी रचणारी अशी करा. या अल्बममधले ‘नेपोलियन’ त्या पत्राआधीचे आहे. मोठ्या कंपनीच्या दावणीला जाऊन नंतर रडगाणे गाणाऱ्या कलावंताला त्यात चिमटे काढले आहेत. ते धारदार आहे, पण मला त्यापेक्षा ‘जॉयफुल गर्ल’ जास्त पटते, कारण हे सगळे कशासाठी चालले आहे याचे उत्तर ती तेथे दुसऱ्याला टोमणा न मारता देते : आनंद मिळतो म्हणून. बास आणि ड्रम त्या गाण्यात इतके दबकून चालतात, की तिचा श्वास ऐकू येतो.

विकत घेणाऱ्याने किंवा ऑनलाइन ऐकणाऱ्याने पहिले दोन छोटे तुकडे तूर्त बाजूला ठेवून थेट ‘ग्रॅव्हल’पासून सुरुवात करावी आणि पहिल्या सीडीच्या शेवटापर्यंत सलग जावे. दुसरी सीडी वेगळ्या दिवशी, जमल्यास रात्री लावावी. तिच्या अखेरीस ‘ओव्हरलॅप’ आहे. एवढ्या गलबल्यानंतर ते इतके शांत येते, की आवाज थोडा वाढवावासा वाटतो. नंतर १९९० च्या पहिल्या अल्बमवरचे ‘बोथ हँड्स’ काढून ऐकावे, आणि त्या एकट्या गिटारच्या फटींत स्टोचान्स्कीच्या टिचक्या आपोआप ऐकू येऊ लागतात का, ते पाहावे. मला येतात.