कॅम्पातल्या मावशींचं मासळीचं दुकान: अख्खं माकुल हवं असेल तर इथंच जा

बेळगावात मासळी मिळायची अडचण नाही. बांगडा, सुरमई, पापलेट कुठंही मिळतं. पण अख्खं माकुल (स्क्विड), म्हणजे डोकं, आठ भुजा आणि ते दोन लांब हात सगळं जागच्या जागी असलेलं, मला तीन वर्षांत एकाच ठिकाणी हमखास मिळालंय. कॅम्पात मासळी बाजाराच्या कडेला मावशी बसतात. पाटी नाही. निळी ताडपत्री, थर्माकोलच्या दोन पेट्या आणि कापायचा लाकडी ओंडका, एवढीच खूण.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तरी माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी समुद्र बघितलेला नाही. पुस्तकात शुंडक (भक्ष्य पकडायचा लांब, लवचिक अवयव) म्हणजे चार वाकड्या रेघा. त्या रेघा शिकार कशी करतात हे पोरांनी हात लावून बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून दर हिवाळ्यात मी माकुल घेऊन वर्गात जाते.

पहिल्या वर्षी घेतलं ते दुसऱ्या एका दुकानातनं. शाळेत पिशवी उघडली तर अंग गुलाबी पडलेलं, वास सुटलेला आणि लांब हात दोन्ही तुटलेले. परत विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "खायला काय फरक पडतोय, बाई?" मला ते फार लागलं. चाळीस पोरं टेबलाभोवती गोळा झाली होती आणि जे दाखवायचं तेच नव्हतं.

मावशी मूळच्या कारवारकडच्या, माकुलाला माणकी म्हणतात. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "जाळ्यात ओढाओढी होती की, बाई. ते दोन हात पयलं तुटतात. शाळेला पायजे तर आदल्या दिवशी फोन करा, मी वेगळं काढून ठेवते." तेव्हापासून एकदाही शब्द मोडलेला नाही. माझ्यासाठी ठेवलेलं माकुल वेगळ्या डब्यात, खाली बर्फ, वर ओलं फडकं. बर्फ अंगाला थेट लागू देत नाहीत. अंग पांढरं आणि त्यावरचे तपकिरी ठिपके एकेक मोजता येतील असे ठळक. ठिपके विरघळल्यासारखे गुलाबी दिसले की माल शिळा, हेही त्यांनीच शिकवलं.

आता तो लांब हात जवळनं बघा. आठ भुजांवर बुडापासून टोकापर्यंत चूषकांच्या, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांच्या, रांगा असतात. लांब दोन हातांचा दांडा मात्र गुळगुळीत, आणि टोकाला पानासारखा रुंद पंजा, चूषक सगळे तिथंच. एकेक चूषक बारीक देठावर बसवलेली वाटी. मावशींनी सुईच्या टोकानं एका वाटीतनं पारदर्शक कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मोहरीपेक्षा लहान. घरी भिंगाखाली धरली तर कडेला करवतीसारखे दात! वाटी ओढून धरते आणि दात रुततात, मग कोळंबी सुटणार कशी?

वर्गात मी पाणी भरलेला लांब फुगा नेते. मधे मुठीत आवळला की टोक पुढं पळतं. माकुलाच्या हातात हाड नाही, नुसते स्नायू. आडवे स्नायू आवळले की जाडी कमी होते, आणि आतला ऐवज तेवढाच असल्यामुळं हात लांब होतो. सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांत तो भक्ष्यापर्यंत पोचतो. मग आठ भुजा भक्ष्याला विळखा घालतात आणि मधल्या पोपटासारख्या चोचीकडं ढकलतात. मी चोच दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं येतात.

कधी मावशींकडं रुंद अंगाचं माकुलही असतं, कटलफिश. त्याच्या पाठीत पांढरं हाड सापडतं, तेच समुद्रफेन. ज्यांच्या घरी पोपट आहे त्यांनी ते पिंजऱ्यात अडकवलेलं असतं, पण ते कुणाच्या पाठीतलं हे क्वचितच ठाऊक असतं. त्याचे दोन लांब हात डोळ्यांखालच्या खिशांत मिटलेले असतात, त्यामुळं वरवर बघणाऱ्याला आठच दिसतात. मावशी बोट घालून ते अलगद बाहेर काढतात. घाई केली तर तुटतात, म्हणून मी स्वतः कधी काढत नाही.

शाईची पिशवी न फोडता साफ करणं ही त्यांची दुसरी खासियत. चंदेरी पिशवी, करंगळीच्या नखाएवढी. मोठा मासा अंगावर आला की माकुल शाई सोडून पळतं. कधी नुसता काळा ढग, कधी शाईत चिकट द्रव जास्त मिसळून माकुलाएवढाच गोळा, की शत्रू त्या गोळ्यावर तोंड टाकतो आणि खरं माकुल निसटतं. गेल्या डिसेंबरात पोरांनी त्या शाईत काडी बुडवून वहीत आपापली नावं लिहिली. वाळल्यावर अक्षरं तपकिरी झाली. जुन्या काळी चित्रकार कटलफिशची अशीच शाई वापरायचे.

ऑक्टोपस मात्र नेमानं मिळत नाही. दोनदाच मिळाला, दोन्ही वेळा लहान. त्याला लांब हात नाहीतच, फक्त आठ भुजा, आणि चूषकांत दातेरी कडी नाही. बोट फिरवलं की फरक लगेच कळतो. ऑक्टोपसच्या साधारण पन्नास कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश भुजांमध्येच असतात आणि चूषक स्पर्शाबरोबर चवही घेतात. खडकाच्या फटीत भुजा घालून, डोळ्यांनी न बघताच, आत खेकडा आहे की नुसता दगड हे त्याला कळतं.

एकीनं विचारलं, जेलीफिशलाही असेच चूषक असतात का? नसतात. तिच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. काही लागलं की धागा उलटून बाहेर सुटतो आणि विष टोचतो. माकुल धरून ठेवतं, जेलीफिश बधिर करते, आणि तेच हत्यार तिच्या बचावालाही उपयोगी पडतं. मेलेल्या जेलीफिशच्या दंशपेशीही सुटू शकतात. मावशींच्या दिरांच्या मनगटावर जाळं झाडताना उठलेला वळ महिनाभर होता. म्हणून गोव्याला सहलीला जाणाऱ्या पोरांना मी बजावून सांगते, किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला हात लावू नका, आणि लागलंच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा. गोड्या पाण्यानं न सुटलेल्या पेशीही सुटतात.

खाण्यासाठी घेणाऱ्यांनाही सांगते. संकेश्वरी मिरची, आलं-लसूण, ओलं खोबरं, वरनं दोन आमसुलं. कापलेल्या कड्या मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटंच परता, नाहीतर सरळ पाऊण तास मंद शिजवा. मधे कुठं थांबलात तर रबर चावावं लागतं. भुजा टाकून देऊ नका, खरी चव त्यांचीच.

भाव किलोला साडेतीनशे ते साडेचारशे. बाजारात तीस-चाळीस रुपये कमीनं मिळतं, पण साफ करून, पिशवी न फोडता, हात शाबूत ठेवून देणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. घासाघीस आवडत नाही त्यांना, करू नका. तक्रारी दोन. गाडी लावायला जागा अजिबात नाही, आणि रविवारी नऊनंतर गेलात तर अर्धा तास उभं राहावं लागतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा मावशींकडं मिळतं ते गोठवलेलं, आणि तसं त्या स्वतःच सांगतात: "आज फ्रोजन हाय, बाई, पोरांना नेऊ नका."

या शनिवारी नववीचा तास आहे. शुक्रवारी दुपारीच फोन करून दोन लांबोडी आणि एक रुंद सांगून ठेवलंय. भिंगं सहा आहेत, यंदा पोरं त्रेचाळीस.