कंधमाळच्या सुवार्तिकाला मदत: थेट की संस्थेमार्फत?

कॅम्पातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका ताईंना पडलेला हा प्रश्न: ओडिशातल्या कंधमाळमध्ये ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्या सुवार्तिकाला पैसे थेट पाठवावेत की संस्थेमार्फत?

थेट यूपीआयने पाठवलं तर पै न् पै त्याच दिवशी पोचते. पण तुमची नोकरी गेली की त्याची चूल थंड. शिवाय तिथे २००८ साली ख्रिश्चनांविरुद्ध झाली तशी दंगल पेटून घर जळालं, तर वकील, निवारा, औषधपाणी एकट्या देणगीदाराच्या आवाक्यातलं नाही. संस्था लागते ती इथे. तिचा कार्यालयखर्च मात्र स्पष्ट विचारा. गुळगुळीत पत्रकातल्या हसऱ्या फोटोंवर जाऊ नका. देणगीवरची आयकरातली ८०जीची सवलतही मान्यताप्राप्त संस्थेच्याच पावतीवर मिळते, रोखीत २,००० रुपयांपर्यंतच.

माणूस ओळखीचा आणि गरज ठरावीक, म्हणजे मुलांची फी किंवा सायकलदुरुस्ती, तर थेट द्या. वर्षानुवर्षं द्यायचं तर संस्था बरी. कसंही द्या, त्याचं नावगाव व्हॉट्सॲपवर फिरवू नका.